केशोरीची पाण्यात बसणारी घोडी

गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या लाइनच्या गाडीत मी बसलो, तेव्हा माझ्याजवळ एक छत्री, एक वेताची छडी आणि घोड्यांविषयी मामांकडून ऐकलेलं बरंचसं ज्ञान होतं. घोड्याचा अनुभव मात्र काडीचाही नव्हता. बावन्न सालचा कार्तिक होता. मी सातारकडचा, शाळा तपासनीस म्हणून इकडे नवा, नोकरीही अजून कच्ची. सायकल चिखलात रुतते म्हणून माझे दोन दौरे बुडाले होते आणि साहेबांनी स्पष्ट बजावलं होतं: पंधरा दिवसांत घोडं घ्या, नाहीतर तुमच्या जागी दुसरा माणूस येईल. हेडक्लार्कनं निघताना आठवण करून दिली, "मिजाज देख के लेना, मास्टरजी. रंग पे मत जाना."

अर्जुनीला उतरलो. तिथून केशोरीपर्यंत दमणी (हलकी बैलगाडी) मिळाली. वाटेत दोन्ही बाजूंना बांध्या (भातशेतीचे बांध घातलेले तुकडे) पिवळ्या पडल्या होत्या, कापणी चालू होती, आणि दर मैलाला एक तळं. एवढं पाणी मी एका दिवसात कधी पाहिलं नव्हतं. गाडीवानानं उकडलेले शिंगोडे (शिंगाडे) दिले. ते सोलता सोलता बोटं काळी झाली, पण गोडी अजून जिभेवर आहे.

घोडी होती डोमाजी पाटलांची. पाटील साठीचे, तळी बांधणाऱ्या कोहळी घराण्यातले. गावचं मोठं तळं त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेलं. आता गुडघे धरल्यामुळे त्यांना घोड्यावर बसवत नव्हतं. ओसरीवर पाणी देऊन होताच ते पहिलं वाक्य बोलले ते असं:

"घोडी चांगली आहे जी. पन पान्यात बसते. आधीच सांगून ठेवतो."

"कधी कधी?" मी विचारलं.

"कधी कधी कायले? नेहमीच बसते."

आतून पाटलीणबाई म्हणाल्या, "आनी लाड लागते तिले. तेबी सांगा."

आमच्याकडच्या बाजारात विकणारा मेला तरी जनावराची खोड कबूल करत नाही. त्यामुळे मी लगेच ताडलं की म्हाताऱ्याला घोडी द्यायची नाही, म्हणून तो तिची बदनामी करतोय. इकडची रीत अशी की खोड आधी सांगायची आणि मग जनावर दिवसभर घेणाऱ्याच्या हवाली करायचं. पटलं तर ठेवा, नाहीतर सांजेला परत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पाटलांनीच सांगितलं होतं. मीच विश्वास ठेवला नाही.

मी मामांच्या पद्धतीनं घोडीचा स्वभाव तपासला. मागून मोठ्यानं खोकलो. तिनं कान हलवला. तोंडासमोर फाडकन छत्री उघडली. तिनं छत्रीचा वास घेतला आणि कापड चघळायला लागली. पुढचा पाय उचलून पाहिला, तर तिनं अंगाचा सगळा भार निवांतपणे माझ्यावर टाकला. पाटील ओसरीवरून म्हणाले, "पान्यात नेऊन पाहा जी." मी ऐकलं नाही असं दाखवलं. इतकी शांत घोडी! किंमत ठरवून टाकली आणि छत्री तिथंच ठेवून, छडी घेऊन घोडीवरून फेरफटक्याला निघालो.

गावाबाहेर नाला होता, गुडघाभर पाण्याचा. घोडी मध्यावर गेली, पुढच्या पायानं दोनदा पाणी उडवलं, आणि म्हशीसारखी खाली बसली. मी, माझी टोपी, माझी इस्त्रीची विजार, सगळे एकदम पाण्यात. पलीकडच्या बांधीत धान कापणाऱ्या बाया विळे टाकून उभ्या राहिल्या.

"साहेब, साबन आनून देऊ का जी?" एकीनं हाक मारली.

माझ्या नाकावर राग लहानपणापासून असतो. मास्तर होतो तेव्हा पोरं माझ्या पावलांचा आवाज ओळखून गप्प बसत. छडी शोधली, तर ती प्रवाहाबरोबर दूर निघालेली. तिच्या मागे धावलो, पुन्हा आपटलो. छडी गेली ती गेलीच. परत वळलो, तर घोडी आंघोळ उरकून काठावर उभी होती. मी जवळ गेलो आणि तिनं असं अंग झाडलं की माझे कोरडे राहिलेले कानही भिजले.

तिला लगाम धरून चालवत परत आणलं. वाटभर मनात हिशेब चालला होता, घोडी परत दिली तर नोकरी गेली. पाटील लंगडत उठले आणि तिच्या पाठीवरून, पुठ्ठ्यांवरून, मानेवरून सावकाश हात फिरवत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले.

"तिघं घेऊन गेले होते जी. तिघंही सांजेला परत आले, आनी हिच्या अंगावर वळ. मीच दिली नाही मंग. तुमचा एकबी वळ नाही. घेऊन जा जी."

पाटलीणबाई घोडीला लावायला कुंकू घेऊन बाहेर आल्या. मला गप्प बसता आलं असतं. नोकरी वाचत होती. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून मला माझीच लाज वाटली.

"पाटील, माझी छडी वाहून गेली. नाहीतर मीही मारणार होतो."

पाटलीणबाईंचा हात थांबला. पाटील माझ्याकडे वळले.

"छडी गेली, त हात होते ना जी?"

"होते."

"मंग काऊन नाही मारले?"

खरं सांगायलाही लाज वाटत होती. "तिनं अंग झाडलं," मी म्हणालो, "आणि मला हसू आलं."

पाटलांनी बायकोकडे पाहिलं. "लाव कुंकू," ते म्हणाले.

परतीला गोंदियापर्यंत तीन दिवस लागले, कारण वाटेत नाले फार. नाला दिसला की मी अलीकडेच उतरायचो, खोगीर काढायचो आणि तिचं होईपर्यंत काठावर बसायचो. ऑफिसात हेडक्लार्कनं विचारलं, "मिजाज देखा ना ठीक से?" मी सांगितलं की केशोरीला माझाच पाहिला गेला, आणि कसाबसा पास झालो.