सोनाळ्यातला आयरिश सोहळा

आयर्लंडातल्या नटनट्यांची काळजी खुद्द आयर्लंडपेक्षा वऱ्हाडातल्या सोनाळ्याच्या माझ्या मावसाजींना जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. तिकडचे सिनेमा-टीव्हीचे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, की इकडे मावसाजी कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उपटायची सोडून मोबाईल घेऊन बांधावर बसतात. इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नाही. पण बक्षीस कोणाला मिळायला हवं होतं, हे ते नुसत्या चेहऱ्यांवरून सांगतात. एकदा दूध घालायला निघालेल्या माणसाला अडवून त्यांनी हरलेल्या एका नटीची बाजू इतका वेळ मांडली, की त्याचं दूध नासलं.

या वेडाचं मूळ बीटी कपाशीत आहे. एका बियाणे कंपनीनं जाहिरातीच्या फिल्मसाठी मावसाजींना त्यांच्याच शेतात उभं केलं होतं. "बीटी लावा अन् अळीचं टेन्शन सोडा बावा," एवढंच बोलायचं. मावसाजी असे बोलले, की कॅमेरावालाच म्हणे बियाणं मागायला लागला. फिल्म आली तेव्हा ओठ मावसाजींचे आणि आवाज पुण्याच्या कोणा सद्गृहस्थाचा. गावभर हसू झालं आणि मावसाजी फार दुखावले. पुढं कुठूनसं त्यांना कळलं, की आयर्लंडात इंग्रजीचा एवढा बोलबाला असूनही जुन्या आयरिश भाषेतल्या कामाला त्याच मंचावर मान मिळतो. "पाह्य," ते मला म्हणाले, "तिथं घरच्या बोलीवर कोनी दुसऱ्याचा आवाज चिपकवत नाही. मंग मी काऊन नाही पाहू?"

नुसतं पाहून भागेना, तेव्हा त्यांनी अंगणातच सोहळा सुरू केला. वर्षभरात गावात ज्यानं उत्तम सोंग वठवलं, त्याला बक्षीस. बक्षीस म्हणजे उपड्या वाटीवर कणकेनं चिकटवलेलं कापसाचं फुटलेलं बोंड. नामांकनात मावसाजींचं नाव हमखास असे, आभाराचं वऱ्हाडी भाषणही पाठ असे. पण परीक्षक मावशी, आणि तिच्यापुढे वशिला चालत नाही. एकदा बक्षीस सासरी जायच्या दिवशी पोट दुखणाऱ्या शेजारणीला गेलं. एकदा तर लंगडायचं सोंग करून भाकरी मिळवणाऱ्या कुत्र्याला गेलं. मावसाजींनी कुत्र्याला रीतसर हार घातला, पण मावशीशी बोलणं बंद केलं.

मग बीटीलाही न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. अख्खं शेत पोखरलं गेलं. त्या फिल्मची आठवण काढून कोणी टोमणा मारला, तरी मावसाजी हसून म्हणत, "हाव, बरा हाये कापूस." घरात तर नेहमीपेक्षा जास्तच थट्टामस्करी चाललेली. सोहळाही त्यांनी चुकवला नाही. आम्ही सगळे अंगणात जमलो. मावशी वाटी पदराखाली झाकून आली आणि मावसाजींसमोर उभी राहिली.

"यंदाचं बक्षीस तुम्हाले."

"मले? काऊन?"

"दिवाळीपासून हसून राह्यले तुम्ही माह्यासमोर. मले समजलं नसंन काय?"

पाठ केलेलं भाषण सोडून मावसाजींनी आधी वाटी हातात घेतली. वाटीवरचं बोंड पांढरंशुभ्र होतं, अळीचा डागही नसलेलं. मावसाजी ते फिरवून फिरवून बघत राहिले.

"कुठं भेटलं तुले?"

"शोधलं," मावशी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

आता मावसाजी नामांकनात स्वतःचं नाव घालत नाहीत. ती वाटी कोनाड्यात आहे. पाहुणे आले की वरणाला वाट्या कमी पडतात, तरी मावशी तिला कोणाला हात लावू देत नाही.