पोसलेल्यांची इमेल्डा

इमेल्डाचा डावा हात कोपरापाशी वाकडा होता. तो आल्बर्टने मोडला होता, होडीच्या वल्ह्याने, १९५१ साली.

देवीच्या साथीत तिचे आईबाप गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. पाद्र्याने तिला आल्बर्टच्या आईकडे वाढायला दिलं. पोसलेली पोर म्हणजे घरचीच मुलगी, असं म्हणायला. पण पाणी भरणं, भात कांडणं, गोठा काढणं सगळं तिच्याच वाट्याला. म्हातारी होती तोवर पोटभर जेवण तरी मिळे. म्हातारी गेली, आणि एकोणीस वर्षांच्या इमेल्डाने सांगून टाकलं, "माका जावचा आसा. आचऱ्याक काम बघतंय."

"मगे तुका पोसला कित्याक?" आल्बर्ट म्हणाला.

तिने गाठोडं उचललं. पहिला घाव पाठीत बसला, दुसरा अडवताना हात मोडला. मोडका हात पदरात बांधून ती चालत आचऱ्याला आली. हाड तसंच वाकडं सांधलं.

खाडीकाठी ती मासळी खारवू लागली. सात वर्षांत दोन खोल्यांचं घर उभं राहिलं. मग तिच्यासारखीच माणसं दाराशी येऊ लागली. दुसऱ्याच्या घरी वाढलेली. वयात आल्यावर कुणी हाकललेली, कुणी कोंडून ठेवलेली. इमेल्डा त्यांना जागा द्यायची, काम बघून द्यायची. पण सगळ्यात आधी शाळेत नेऊन वयाचा दाखला काढायची. "कागद नाय तर तू कोणाच्या तरी गोठ्यातला गोरू," असं ती तोंडावर सांगे. तिची जीभ कडू होती आणि हात चटकन सुटायचा. एक पोरगी त्याच घरी परत जाते म्हणाली, तर तिने तिच्या थोबाडीत मारली होती. त्याचं वाईट तिला पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं.

१९६२ च्या शिमग्यानंतर सीता आली. गंगाराम नावाच्या नारळबागायतदाराकडे ती वाढली होती. त्याला ती आपल्या पन्नाशीच्या मेव्हण्याला द्यायची होती. नाही म्हणाली, म्हणून त्याने तिच्या पोटरीवर तापलेलं उलथनं ठेवलं होतं. इमेल्डाने भाजलेल्या जागी खोबरेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी शाळा गाठली. दाखल्याप्रमाणे सीतेला अठरा पुरी होऊन दोन महिने झाले होते.

चौथ्या दिवशी भर दुपारी गंगाराम दोन गडी घेऊन आला. हातात कोयता. ही फिरंगीण पोरीला बाटवणार, असं त्याने गावात आधीच उठवून दिलं होतं. त्यामुळे शेजारी आपापल्या दारासमोरच्या खळ्यात उभे राहून नुसते बघत राहिले.

"माझा चेडू भायर काढ!"

"ता आता कोणाचा नाय," इमेल्डा दारातून म्हणाली. "कागद आसा."

गड्यांनी लाथा घालून दार पाडलं. एकाने सीतेला केसांना धरून फरफटत बाहेर आणलं आणि तिचं डोकं जोत्याच्या दगडावर आपटलं. इमेल्डा मासळी चिरायचा सुरा घेऊन धावली. गंगारामचा कोयता तिच्या उजव्या खांद्यात रुतला. तिने सुरा त्याच्या मनगटावरून ओढला. कोयता खाली पडला. तो सीतेने उचलला, आणि केस धरणाऱ्या गड्याच्या मांडीत घातला. वाळत घातलेल्या सुंगटांवर, कोळंबीवर, रक्त उडालं. दुसरा गडी पळून गेला.

मालवणच्या कोर्टात सीतेला विचारलं, "वडिलांचं नाव?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "वय माहीत आहे. अठरा पूर्ण. मला त्या घरी जायचं नाही."

गंगारामला दीड वर्षाची कैद झाली. दोघींनी जीव वाचवण्यासाठी वार केले, हे कोर्टाने मानलं. गावाने मात्र वर्षभर इमेल्डाची मासळी घेतली नाही. तिचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. चिरायचं, खारवायचं, मालवणच्या बाजारात टोपली न्यायची, हे सगळं सीतेने केलं.

पुढे सीता सुईणपणाचं शिक्षण घ्यायला रत्नागिरीला निघाली. एस.टी.च्या खिडकीशी इमेल्डा म्हणाली, "कोणी हात लावलो तर परत ये. नाय लावलो तरी ये."

१९६६ च्या नाताळात सीता सुईणीची पांढरी साडी नेसून आली. दोघी भात आणि सुंगटांचं सार जेवल्या. सारात मीठ जास्त पडलंय की नाही, यावरून त्या इतक्या मोठ्याने भांडल्या, की शेजारीण काळजीने धावत आली.