वाटणीत राहून गेलेली सावली

बाळापूरजवळ नाल्याकाठी भाजीचा मळा करणारी गोदाबाई माळीण म्हणजे साक्षात जमदग्नी. भाजी उगाच चिवडणाऱ्याला ती भर बाजारात धुऊन काढायची. नाल्यात पाय सोडून बसली की मात्र पाण्यातले किडे बघण्यात गुंग व्हायची. काठावरच्या झाडांच्या सावलीतल्या पाण्यात बारके किडे वरून गळालेली पानं कुरतडत, पानाच्याच तुकड्यांचं घर अंगावर घेऊन फिरत. पुढे उघड्यावर दुसरेच किडे, दगडावरचं शेवाळ खरवडणारे. नखावर चिरडला की एकाच्या पोटात तपकिरी निघे, दुसऱ्याच्या हिरवं. सावलीतलं पाणी नितळ असायचं. तिथं धुतलेली मेथी अकोल्याच्या बाजारापर्यंत टवटवीत राही, आणि त्या मेथीवरच घर चाले.

भावाभावांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी विहीर, बैल, मोट सगळं वाटलं. मळा तिच्या नवऱ्याकडे, चंद्रभानकडे आला. काठावरचे पाच करंज आणि एक उंबर धाकट्या गोवर्धनकडे गेले. सावली कोणाची, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

लढाईच्या दिवसांत कोळसा मिळेना म्हणून आगगाडीला लाकूड लागू लागलं, अन् गोवर्धननं पाचही करंज आडवे केले. उन्हाळ्यात नाला शेवाळानं गच्च भरला. पानं खाणारे किडे उंबराखालच्या हातभर पाण्यात तेवढे उरले. धुतलेली मेथी वाटेतच सडू लागली.

मग गोवर्धन उंबराकडे वळला. दत्ताचं झाड म्हणून एकही मजूर हात लावेना, तेव्हा स्वतःच कुऱ्हाड घेऊन आला. गोदाबाई खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"वयनी, झाड माह्या वाट्याचं हाय. दोन किड्यांसाठी तू काहून आडवी येऊन राहिली?"

"किडे काय खातात हे तुले समजत असतं, तर तू करंजाले हात लावला नसता!"

त्यानं तिला केसाला धरून बाजूला फेकलं. कपाळ दगडावर फुटलं. ती उठली ती विळा घेऊनच, आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत फाडला. तो गुरासारखा ओरडला. तिनं पुन्हा विळा उचलला, पण चंद्रभाननं मागून मिठी घातली.

चार महिने ती अकोल्याच्या तुरुंगात होती. खटला उभा राहण्याआधीच गोवर्धननं तडजोड लिहून दिली, आणि ती सुटली. का लिहून दिली, ते वाटेभर चंद्रभाननं सांगितलं नाही.

मळ्यात आल्यावर तिला उंबराचं खोड दिसलं, गुडघ्याइतकं. नाल्यावर लख्ख ऊन पडलं होतं.

"कोणं तोडला?"

दर गुरुवारी त्या झाडाला पाणी घालणारा चंद्रभान खाली बघत म्हणाला, "म्या. गोवर्धनचा हात कुऱ्हाडीले चालत नव्हता. म्हणे, तू तोडशील तरच सही करतो."

गोदाबाईनं त्याला मारलं. थोबाडावर, छातीवर, जिथं हात पडेल तिथं. त्यानं हात वर केला नाही.

"मले तुरुंगातच मरू द्यायचं होतं!" ती ओरडत होती, आणि मारणं थांबत नव्हतं.