मोजे घालून ट्रेलर बघणारा वर्लिन

आमच्या टॉरडल गावात कुणाला जुना ट्रेलर घ्यायचा असला की तो आधी बँकेत जात नाही, वर्लिन सँडविककडे जातो. पिकअपच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर प्रत्येकाला हवं असतं, कारण मिनेसोटाचा उन्हाळा इतका तोकडा की तो चार भिंतींत बसून घालवणं माणसाच्या जिवावर येतं. खिसा मात्र बहुतेकांचा कुणीतरी वापरून झालेल्या ट्रेलरपुरताच असतो. आणि वापरलेला ट्रेलर म्हणजे फसवणुकीची पुरेपूर सोय. वरून रंग मारलेला, आतून नवे पडदे, आणि मध्ये भिंतीत काय कुजतंय ते देव जाणे.

वर्लिन शाळेच्या बस दुरुस्त करतो. अंगानं लांबोडका, बोलायला कमी. बोलावलं की येतो, हात मागच्या खिशात घालून ट्रेलरभोवती एक चक्कर मारतो. टायरची नक्षी सगळेच बघतात, हा त्यावर कोरलेलं साल बघतो. मग शिडी लावून छपरावर चढतो आणि सांध्यांवरून अंगठा फिरवत जातो. आत येऊन पलंगाखालचे कप्पे उघडतो आणि त्यात नाक घालतो. शेवटी बूट काढून नुसत्या मोज्यांनी सगळी जमीन चालून बघतो, कोपरा न् कोपरा, मांजरासारखा सावकाश. बुटांना काही कळत नाही, असं त्याचं म्हणणं. खालची फळी पाणी पिऊन मऊ झाली असेल तर ते तळव्यालाच कळतं.

घेणाऱ्याला तो वजनाचंही समजावतो. कागदावर लिहिलेलं वजन कोऱ्या ट्रेलरचं असतं. त्यात पाणी नसतं, गॅसच्या टाक्या नसतात, सायकली नसतात, आणि सासूबाईंनी दिलेला बिडाचा तवाही नसतो. ते सगळं धरून तुझी गाडी ओढेल का, ते बघ, आणि मग पडद्यांचा रंग बघ. एवढं सांगितलं की त्याचा निकाल येतो.

निकाल मात्र ऐकता यावा लागतो. आमच्याकडे दुसऱ्याच्या वस्तूला तोंडावर नावं ठेवत नाहीत, आणि डोक्यावर घेऊन नाचतही नाहीत. वर्लिन "वाईट नाही" म्हणाला की मुकाट्यानं पैसे काढायचे. "वेगळाच आहे" म्हणाला की मालकाचे आभार मानायचे आणि गाडीत बसायचं. लिंडक्विस्टांचा टेक्ससहून आलेला जावई "वेगळाच आहे" ऐकून हरखला आणि तिथल्या तिथे सौदा करून मोकळा झाला. पहिल्याच मुक्कामी त्याच्या सासूबाईंचा पाय न्हाणीच्या जमिनीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. तेव्हापासून त्या जावयाशी मोजकंच बोलतात. अर्थात त्या आधीही मोजकंच बोलायच्या, त्यामुळे नक्की काही सांगता येत नाही.

तर अशा या वर्लिनच्या स्वतःच्या दारात ट्रेलर नव्हता. गावाला त्याची गंमत वाटायची. त्याच्या घरात गंमत वाटत नव्हती.

कारण जुनं होतं. वर्लिन नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील जत्रेतून एक ट्रेलर घेऊन आले. पडद्यांवर बदकं होती आणि ती आईला आवडली, एवढीच काय ती पारख. ब्लॅक हिल्सचे डोंगर बघायला सगळे निघाले आणि पहिल्याच दिवशी दुपारी बेअरिंग जळून ट्रेलरचं एक चाक निखळलं. ते यांच्या गाडीला मागे टाकून पुढे धावत गेलं आणि मक्याच्या शेतात शिरलं. वर्लिन संध्याकाळपर्यंत मक्यात ते चाक शोधत फिरला. परत आल्यावर गावानं वडिलांचं इतकं हसं केलं की पुन्हा त्या माणसानं कुठे जायचं नाव काढलं नाही. अजूनही कॅफेत एखादा म्हातारा विचारतोच, "काय वर्लिन, सापडलं का चाक?" वर्लिन हसतो. पण त्यानं कानाला खडा लावला होता, की आपल्या मुलांना घेऊन निघायचं तर अशा ट्रेलरमधून, ज्यात खोट म्हणून सापडणार नाही.

साठवलेल्या साडेचार हजार डॉलरमध्ये असा ट्रेलर कुठून मिळणार? दर वसंतात तो बघायला जायचा आणि दर वेळी काहीतरी निघायचंच. कुठे छप्पर, कुठे सांगाडा, कुठे वास. बायको कार्लानं विचारणं कधीच सोडलं होतं. मुलगी ब्रिटा मात्र सहा-सात वर्षांची असल्यापासून त्याच्याबरोबर जायची. पलंगाखाली टॉर्च धरणं हे तिचं काम. लहानपणी घरी परतताना ती सांगत राहायची, वरचा पलंग माझा, खालचा भावाचा, टेडीचा, आणि टेडीनं खालून लाथा मारायच्या नाहीत. पुढे ते सांगणं थांबलं. "मग, या वर्षीही नाही?" एवढं विचारायची, आणि वर्लिननं मान हलवली की म्हणायची, "चालेल, डॅड."

आता ब्रिटा अठराची झाली होती आणि तिनं नौदलात नाव घातलं होतं. ऑगस्टमध्ये ती जाणार, आणि मग कुठल्या समुद्रावर असेल कोण जाणे. एप्रिलमध्ये ते पक्कं झालं तेव्हापासून वर्लिन दिवस मोजत होता. हा शेवटचा उन्हाळा. या वेळी ट्रेलर झाला नाही तर चौघं मिळून कुठे गेलो होतो असं आठवायला काही उरणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

मे महिन्यात त्यानं गॅरेजमध्ये तिला विचारलं, जुलैत सगळे मिळून सुपिरियर सरोवराच्या काठी जाऊ या का. ती म्हणाली, नको रे डॅड, उगाच खर्च, आणि मला आइस्क्रीमच्या दुकानात ड्यूटी पण आहे. आठवड्यानं जेवताना त्यानं पुन्हा विषय काढला. "राहू दे, खरंच," ती म्हणाली आणि टेडीकडे बटाटे सरकवले. वर्लिनच्या जिव्हारी लागलं. पोर मोठी झाली, तिचं मन आता इथे नाही, असं त्यानं मनाशी घेतलं आणि विषय सोडून दिला. कार्ला त्याच्याकडे बघत होती.

जूनच्या सुरुवातीला अर्डिस टोलेफसनचा फोन आला. तिचा नवरा ऑर्विल पानगळीत गेला होता. ट्रेलर अंगणात नुसता उभा आहे, येऊन बघून जा, किंमत तूच सांग, म्हणाली. वर्लिन पिकअपची किल्ली घ्यायला गेला तर ब्रिटा टॉर्च घेऊन दारात उभी. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

ट्रेलर लहानसा होता, पण मागे मुलांसाठी एकावर एक दोन पलंग होते. टायर म्हातारे झाले होते, ते बदलता आले असते. ऑर्विलनं छपराचे सांधे दर वर्षी हातानं भरलेले दिसत होते, एकही तडा नव्हता. कप्प्यांत डांबरगोळ्यांचा वास, आणि थोडा कॉफीचा. वजन वर्लिनच्या पिकअपला झेपण्यासारखं होतं, सगळं सामानसुमान धरूनसुद्धा. त्यानं बेअरिंगपाशी हात लावून चाकं फिरवली, ती आवाज न करता फिरली.

मग त्यानं बूट काढले. ब्रिटानंही काढले. दारापासून पलंगांपर्यंत जमीन टणक होती. स्वयंपाकाच्या ओट्यासमोर टणक होती. पुढच्या खिडकीखाली, जेवायच्या टेबलाच्या पायाशी, त्याचा डावा तळवा किंचित खाली गेला. जागा ताटाएवढी. तो गुडघ्यावर बसला, ब्रिटानं न सांगता प्रकाश तिथे धरला. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून पाहिलं तर फळी मऊ होती, पण कोरडी. पाणी कधीकाळी आलं होतं आणि कधीचंच थांबलं होतं. एका दुपारचं काम, फार तर दोन. हे सगळं त्याच्या डोक्याला कळत होतं. तोंडातून मात्र सवयीनं निघालं, "वेगळाच आहे."

टॉर्च विझला. त्यानं वळून पाहिलं तर ब्रिटा पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती.

"चालेल, डॅड," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तोवर अर्डिस घराच्या मागच्या दारात आली होती. कॉफी टाकलीय, या, म्हणाली. वर्लिन म्हणाला, नको, निघतो आता. झालेलीच आहे, अर्डिस म्हणाली. उगाच त्रास कशाला, वर्लिन म्हणाला. त्रास कसला, रुबार्बच्या आंबट-गोड वड्याही केल्यात, या मुकाट्यानं. मग तो म्हणाला, बरं, अर्धाच कप. आमच्याकडे कॉफी अशीच घेतात. पहिल्या हाकेला हो म्हणणारा हावरट, आणि दुसऱ्या नकारावर थांबणारा यजमान कद्रू. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत खरं काही विचारलेलंच नसतं, आणि हे इथे लहान पोरालाही माहीत असतं.

टेबलाशी बसल्यावर वर्लिननं चाचरत पुढच्या खिडकीखालच्या जमिनीचा विषय काढला.

"ती होय," अर्डिस म्हणाली. "ऑर्विलला माहीत होतं की. खिडकी गळत होती, ती त्यानं बंद केली. जमीन पुढच्या वसंतात करू म्हणायचा. मग तळ्यावरचं बर्फ जायचं आणि आम्ही निघायचो."

"आणि जमीन?"

"ती तशीच यायची बरोबर. त्यावर आम्ही पकडलेल्या माशांची बर्फाची पेटी ठेवायचो." ती जरा थांबली. "तो असता तर याही वर्षी म्हणाला असता, पुढच्या वसंतात."

तिनं डोळे पुसले नाहीत, किटली उचलली आणि ब्रिटाकडे वळली. तुला ओतू ना? ब्रिटा म्हणाली, नको, थँक यू. थोडी घे. राहू दे, खरंच. घे गं, तुझ्यासाठी साखर पण काढलीय.

"बरं, मग अर्धाच कप," ब्रिटा म्हणाली.

अर्डिसनं काठोकाठ ओतली.

वर्लिनचा हात वडीवरच राहिला. "राहू दे, खरंच." हेच शब्द. हाच आवाज. जेवणाच्या टेबलावर बटाटे सरकवत ती हेच म्हणाली होती, आणि परक्याच्या घरची कॉफी तिसऱ्या हाकेला घेणारा हा शहाणा, स्वतःच्या पोरीला दोनदा विचारून थांबला होता. आणि इतक्या वर्षांचं ते "चालेल, डॅड"? त्याच्याच घरात ती पाहुण्यासारखी नको नको म्हणत राहिली, आणि त्यानं एकदाही पुन्हा विचारलं नाही. ट्रेलरमधली ताटाएवढी मऊ जागा त्याच्या तळव्याला कळली होती. हे कळलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

कप खाली ठेवून तो उठला आणि ट्रेलरकडे गेला. पायरीवर बूट काढले, आत गेला, आणि पुढच्या खिडकीखाली बरोबर त्या मऊ जागेवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. अर्डिस आणि ब्रिटा दारात येऊन बघत होत्या.

"वाईट नाही," वर्लिन म्हणाला.

ब्रिटा हातात कप धरून तशीच उभी राहिली. तिनं हे शब्द दुसऱ्यांच्या ट्रेलरबद्दल कितीदा ऐकले होते, आपल्यासाठी कधीच नव्हते.

किंमत ठरायला वेळ लागला. वर्लिननं आपल्याकडचे सगळे साडेचार हजार सांगितले. अर्डिस म्हणाली, जमिनीचे थोडे कमी दे. तो म्हणाला, छे, कशाला. ती पुन्हा म्हणाली, तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं ऐकलं. वाचलेल्या पैशांत नव्या टायरांची सोय झाली, आणि माशांची पेटी तिनं वर दिली.

पिकअप मागे घेऊन वर्लिननं ट्रेलरचा दांडा आकड्यावर बसवला. ब्रिटा वाकून दिव्यांची वायर जोडत होती.

"चाकं मोजून घे हं, डॅड," ती म्हणाली. "मी काही मक्यात शिरणार नाही."

"ब्रिटा," तो म्हणाला. "जुलैत सुपिरियरला जाऊ या. आई, टेडी, तू, मी. तू यावंस असं मला फार वाटतं."

एवढं मोठं वाक्य तो घरात कधी बोलला नव्हता. ब्रिटा वायरीशी खटपट करत राहिली. वायर कधीच जोडून झाली होती.

"दुकानात विचारावं लागेल," ती शेवटी म्हणाली. "पूर्ण आठवडा काही जमणार नाही, डॅड. अर्धाच."

"अर्धा तर अर्धा," वर्लिन म्हणाला, आणि आकड्याची खीळ उगाच पुन्हा तपासायला खाली वाकला, कारण त्याला डोळे पुसायचे होते. आमच्याकडे अर्धा कप मागितला म्हणून आजवर कुणाला अर्धा मिळालेला नाही, आणि ते ब्रिटालाही ठाऊक होतं.