आभाळ-पाण्याचा सांधा

रफूगाराची बायको म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. पण समुद्रावर आल्यापासून तिच्या तोंडाला कुलूप. लेकीनं हट्टानं धाडलं होतं दोघांना, बाबांच्या डोळ्यांना जरा आराम म्हणून. आणि पावसानं असा काही ठिय्या दिला, की खिडकीतून दिसायच्या नुसत्या पागोळ्या.

त्या डोळ्यांवरच तर घर उभं होतं. उंदरानं कुरतडलेला कोट तो असा सांधायचा, की मालकालाच भोक सापडू नये. हल्ली मात्र रंग जुळवून दोरा बायकोच काढून द्यायची, सुईतही तीच ओवायची. डॉक्टर म्हणाले होते, नजर मंदावत जाणार, इलाज नाही. पण किती मंदावलीय, ते हा गडी सांगेल तर शपथ! "मला सगळं दिसतं," हे एकच पालुपद.

संध्याकाळी पाऊस जरा दमला. दोघं एका छत्रीत वाळूवर गेली. इवल्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडली होती. हा ती तुडवतच निघाला.

"अहो, पायाखाली बघा की!"

"बघतोय की. वाळू आहे."

मग तो थांबला. "समोर बघ, काय कारागिरी आहे! आभाळ कुठं संपलं नि पाणी कुठं लागलं, सांधाच दिसत नाही. असं रफू आपल्या बापजन्मात जमायचं नाही."

बायकोनं पाहिलं. ढगांखाली पिवळा उजेड फुटला होता आणि त्याखाली समुद्राची काळीभोर रेघ, पट्टीनं आखल्यासारखी. आंधळ्यालाही दिसावी अशी, असं मनात आलं नि तिनं जीभ चावली. छत्रीची दांडी तिनं गच्च धरली.

"नाहीच दिसत हो," ती म्हणाली. "कुठून दिसणार?"

"खोटं बोलताना तू नाक ओढतेस." त्यानं चाचपडत तिचा हात धरला. "दिसतोय ना सांधा?"

"दिसतोय."

लाट दोघांच्या पायांवरून येऊन गेली. मग तो हळूच म्हणाला, "कसा आहे, सांग."

"खाली पाणी आहे. वर उजेड आहे."

"अगं, एवढ्यासाठी बायको कशाला हवी? रंग सांग. दोरा काढून देतेस तसा."

तिला हुंदका आवरेना. "त्या म्हाताऱ्या वकिलाच्या कोटाचं अस्तर आठवतं? उसवल्यावर शिवणीत जुना पिवळा रंग निघाला होता, ऊन न लागलेला? वर तसं आहे. अन् खाली... थांबा, डोळे पुसू द्या."

"पूस," तो म्हणाला. "पण लवकर. तुलाही दिसेनासं व्हायच्या आत."