पेशींच्या पुड्या

त्या डॉक्टरवर माझा राग अजून आहे. त्यानं आमचं काही वाईट केलं नाही. त्यानं माल दाखवला आणि विकला नाही, एवढंच. माझ्यासारख्या माणसाला तेवढं पुरतं.

मी बोअरच्या गाडीवर पाइप उचलायला लागलो आणि दुष्काळाच्या वर्षांनी मला गाडीचा मालक केलं. शहर तेव्हा जालना रोडनं करमाडच्या दिशेला धावत सुटलं होतं. शेतांचे प्लॉट पडत होते आणि भिंतीच्या आधी लोकांना बोअर हवा होता. आमच्या धंद्याचा एकच नियम. पैसे फुटाचे, पाण्याचे नाहीत. पाणी लागलं तर तुमचं नशीब. नुसता फुफाटा उडाला तरी गाडी खोदून गेलेली असते. लोक शिव्या द्यायचे, मी दुप्पट द्यायचो. सांगितलेल्या भावानं मी आयुष्यात काही घेतलं नाही.

बायकोचे गुडघे गेले ते त्याच वर्षांत. टँकर यायचा तेव्हा घागरी तिनंच वर चढवल्या, मी गाडीबरोबर बाहेर. पुढं स्वतःची इमारत झाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो आणि ती खाली उतरेनाशी झाली. शेजारणींना सांगायची, "लिफ्टची जागा यांनी भाड्यानं दिली. आता मीच वरची भाडेकरू."

तिला तीर्थयात्रा नको होती, की गावोगाव फिरायचं नव्हतं. तिला संध्याकाळच्या भाजीबाजारात जायचं होतं. भाव करण्यात ती माझ्याही वरचढ. मी आणलेली मेथी ती हातात धरून अशी बघायची, जणू कोणी मला भर चौकात लुटलंय.

म्हणून त्या मोठ्या दवाखान्यात गेलो. हाडांचा डॉक्टर तरुण होता. त्याच्या अब्बांच्या दौलताबादच्या सीताफळाच्या बागेत मी बोअर मारला होता. तो कोरडा गेला होता. खडकात पाणी नसलं तर मशीन काय करणार? त्यानं ओळख दिली, पण ती गोष्ट काढली नाही. एक्स-रेचे फोटो बघून म्हणाला, "काकू, दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजलीय. उजवा जास्त. व्यायाम करा, वजन उतरवा, नाहीतर ऑपरेशन."

"दुसरं काय नवीन निघालंय का?" मी विचारलं.

तिथंच त्याची जीभ घसरली. तो स्वतः त्याच विषयावर काम करत होता, त्यामुळं डोळे चमकले. म्हणाला, "काका, शरीरातल्या पेशी असतात ना, त्या सारख्या बारीक बारीक पुड्या सोडतात."

बायकोनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई! म्हणजे यांच्यासारख्याच की."

डॉक्टर गोंधळला. घरी उर्दू बोलणारा माणूस, पुडी सोडणं म्हणजे थाप मारणं हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं. मग तोही हसला. "नाय काकू, ह्या खऱ्या पुड्या. इतक्या बारीक की साध्या मायक्रोस्कोपमधून दिसत नाहीत. आधी लोकांना वाटायचं, पेशी कचरा बाहेर टाकते. मग कळलं की त्यात निरोप असतो. एका पेशीनं बांधायचा, दुसरीनं उघडून वाचायचा. सूज कमी कर, झीज भरून काढ, असा."

"आणि गुडघ्यात सोडल्या तर?"

"प्राण्यांच्या गुडघ्यात बरं दिसलंय. माणसांवर तपासणं चाललंय."

"मग हिला द्या."

"नाय देता येत, काका."

"तुमच्या फ्रीजमध्ये आहेत ना?"

"आहेत. पण कोणत्या पेशीच्या घ्यायच्या, किती द्यायच्या, दर वेळची पुडी सारखीच निघते का, हेच अजून पक्कं नाय. उद्या सूज वाढली तर मी काय सांगू?"

मी सही देतो म्हणालो. निम्मा डोस द्या म्हणालो. शेवटी म्हणालो, "एकाच गुडघ्याला द्या. दुसरा तसाच ठेवा. फरक तुम्हालाच कळेल."

तो खुर्चीत मागं रेलून हसला. "काका, तुम्ही तर ट्रायलच मांडली! पण ती अशी चोरून मांडता येत नाय. परवानगी लागते. वेळ लागेल."

"किती?"

"माहीत नाय."

हा शब्द मला आयुष्यात कोणी पचवायला लावला नव्हता. समोर माणूस असला की मी त्याला भावात खाली आणतो. चहा पाजतो, उठून दारापर्यंत जातो, परत बसतो. इथं भाव करायचा कुणाशी? डॉक्टरच्या हातात काही नव्हतं, आणि ज्याच्या हातात होतं तो समोर बसलेलाच नव्हता. जिन्यावरून उतरताना बायको एकेका पायरीवर थांबत होती आणि मी तिच्यावरच खेकसत होतो.

नाही म्हटलं की मी दुसऱ्या दुकानात जातो. जालना रोडला काचेचा नवा दवाखाना झाला होता. तिथं पुड्यांचं नाव काढताच एसीत बसवलं. कोटातल्या माणसानं छोटी बाटली टेबलावर ठेवली. "शेठजी, ह्याच त्या. लेटेस्ट."

भाव ऐकून मी उठलो. दारापर्यंत पोचायच्या आतच तो निम्म्यावर आला. इतक्या लवकर जो उतरतो त्याचा माल त्याला स्वतःलाच माहीत नसतो. मी परत बसलो.

"ह्या पुड्या कोणाच्या पेशीच्या?"

"फॉरेनच्या."

"फॉरेनचा कोण? बाई, बाप्या, बकरी?"

"शेठजी, टेक्निकल असतं ते."

"गॅरंटी?"

त्यानं वर बोट केलं. "शरीर आहे. रिझल्ट वरच्याच्या हातात. आपला चार्ज इंजेक्शनचा असतो, रिझल्टचा नाही."

माझंच वाक्य. फुटाऐवजी इंजेक्शन, एवढाच फरक. बायकोनंही ओळखलं. जन्मभर ऐकलेलं होतं तिनं. टेबलाला धरून उठली आणि म्हणाली, "चला. मी काय बोअर हाय का, टोचून बघायला?"

बाहेर येऊन मी गाडीतूनच त्या हाडांच्या डॉक्टरला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, तिथं टोचलं नाय ना? बस. मी हेच सांगत होतो."

"मग आधी सांगितलंच कशाला? माहीत नसतं तर हिचं ऑपरेशन करून मी मोकळा झालो असतो!"

आणि फोन मीच कापला.

ऑपरेशनचं शेवटी बायकोनंच ठरवलं, मला न विचारता. उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा बसला. ती रडत-ओरडत व्यायाम करत राहिली, मी शेजारी बसून फिजिओथेरपीवाल्या पोरीशी भांडत राहिलो. मग एका संध्याकाळी कठड्याला धरून, उजवा पाय आधी वर टेकवत आणि डावा मागून ओढत, तिनं बाजारातून मेथी वर आणली. माझ्यापुढं आपटली आणि भाव सांगितला. मी मेथी निवडायला बसलो.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाला, "काकू, आता डावाही करून टाकू. दुखतोच आहे ना?"

"दुखतो की. पण ऱ्हाऊ द्या अजून."

"का?"

तिनं माझ्याकडं मान वळवली. "यांनीच सांगितलं होतं ना, एक तसाच ठेवा म्हणून? डावा ठेवलाय तुमच्या पुड्यांसाठी."

डॉक्टर हसला. मला हसू आलं नाही. पाऊसही असाच असतो: ढग दिसतात, वारं सुटतं आणि खाली एक थेंब येत नाही. मी विचारलं, "आल्या का?"

"अजून नाय, काका."

"किती वेळ?"

"माहीत नाय." बायको उठली, उजव्या पायावर भार टाकला आणि डाव्यावर टाकताना कण्हली. ते मी ऐकलं, त्यानंही ऐकलं. दर तपासणीला मी तोच प्रश्न विचारतो, आणि तो तेच उत्तर देतो. भाव एका पैशानंही हललेला नाही.