बाथरूमवर फवारणी

आमच्या बाथरूममध्ये बुरशी आली तेव्हा सुरुवातीला ती मला आवडली होती. डोळे बारीक करून बघितलं तर कोपऱ्यात ससा दिसायचा. मग पावसाची झड लागली, सशाचा बैल झाला, बैलाचा हत्ती झाला आणि बघता बघता आख्खी सर्कस छतापर्यंत पोचली!

अहिल्यानगरात आम्ही भाड्याने राहतो. खाली दोन बिऱ्हाडं: आम्ही नवरा-बायको, आणि समोर रफिकभाई नि शबानाभाभी. बाथरूम दोघांत एक. वरच्या मजल्यावर घरमालकीण काकू. त्यांच्याकडे पायपुसण्यावर पाय ठेवतानाही मी आधी पाय पुसतो. त्यांनी एकदा खाली डोकावून फर्मान काढलं, "रविवारी बघायला येते. एक काळा ठिपका दिसला, तर दोन्ही बिऱ्हाडांनी दुसरी जागा शोधा!"

मला ती जागा अजिबात सोडायची नव्हती. बायकोची शाळा चालत जाण्याइतकी जवळ, आणि शबानाभाभींचं बिर्याणीचं पातेलं त्याहून जवळ. माझ्या पायाला भिंगरीच लागली. ऑफिसात बसलो तरी डोळ्यांपुढे बुरशी. घरी आलो की चपला न काढता थेट बाथरूम. एका संध्याकाळी मी पेन्सिलीने तिची हद्द आखून दिली, तर सकाळी तिने ती ओलांडलेली! (मी शेतकऱ्याचा मुलगा. बांध कोरणारा शेजारी मला लगेच ओळखू येतो.) मोबाईलवर वाचून भिंतीला लिंबू-मीठ घासलं.

रफिकभाईंनी आत येऊन वास घेतला. "भाऊ, आता मिरच्या टाका नि मुरू द्या. उन्हाळ्यात काढू."

शेवटी कर्जतला वडिलांना फोन लावला. अण्णांची तिकडे लिंबाची बाग आहे.

"अण्णा, बुरशी काही जाईना."

"पानावर हाय का खोडावर?"

"भिंतीवर."

"मंग त्यात काय! बोर्डो मारू. तू कशाला हात लावू नगं, मी येतो."

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, लिंबाच्या झाडांवर फवारतात ते. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे विचारलं असतं, की झाडाचं औषध बाथरूमला कसं चालेल? मी विचारलं, "पंप आणताय ना?"

रविवारी सकाळी अण्णा एसटीतून उतरले ते पाठीवर पंप अडकवूनच. आमच्याच आंघोळीच्या बादलीत त्यांनी निळंशार मिश्रण ढवळलं आणि हाक मारली, "सूनबाई, विळी आन."

"विळी कशाला?" बायको कावरीबावरी झाली.

"पातं बुडवून बघायचं. तांबूस झालं तर चुना कमी. पानं करपत्यात."

"अण्णा, भिंतीला पानं कुठायत?"

"पद्धत म्हंजे पद्धत!"

पातं तांबूस झालं. पिशवीतला चुना तर संपलेला. रफिकभाईंनी मोठ्या मनाने तंबाखूची चुन्याची डबी पुढे केली. अण्णांनी ती उघडून बघितली. "ह्यात एक फांदी बी व्हायची न्हाई," म्हणाले, आणि तरी बोटाने खरवडून सगळी बादलीत टाकली.

पंप माझ्या पाठीवर चढला. तोंडाला अण्णांचं उपरणं.

"वारं बघून मार, अंगावर घेऊ नगं!" अण्णा बाहेरून ओरडले.

"अण्णा, बाथरूममध्ये कसलं आलंय वारं?"

"मंग दार लाव!"

(ह्यातलं शास्त्र मला अजून उमगलेलं नाही.) दार लावलं, दांडा हापसला, आणि नोझल तुंबलं. मी ते तोंडासमोर धरून जरासं पिळलं मात्र, कोंडलेला दाब मोकळा झाला! मी निळा, छत निळं, शबानाभाभींची घासूनपुसून ठेवलेली बादली निळी, आणि खुंटीवर...

"भाऊ," बाहेरून रफिकभाईंचा आवाज आला, "माझा पांढरा सदरा आत नाही ना?"

"पांढरा नाही!" मी म्हणालो.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. "अहो, काकू आल्या!" बायको ओरडली. मी घाईघाईने दार उघडलं, तर समोर काकू. तोंड बांधलेला, पंप लावलेला निळा माणूस बघून त्यांनी जी किंकाळी फोडली, ती चौकापर्यंत गेली असेल.

"काकू, मी आहे! मी! खालचा भाडेकरू!"

अण्णा शांतपणे पुढे झाले. "बाई, कुठं काळं दिसतंय का बघा."

दिसणार कुठून? काकू छताकडे बघत राहिल्या. मनातल्या मनात मी टेम्पोत गादी, कपाट आणि बायको चढवून मोकळा झालो होतो. काकूंनी मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कोणाला बोलू नका. माझ्याकडे वर छतभर झालीय. औषध उरलंय का?"

अशी आमची जागा वाचली. रफिकभाई हल्ली तो निळा सदरा लग्नकार्याला घालतात आणि मुद्दाम रंगवून घेतलाय असं सांगतात.

पुढे कोपऱ्यात ससा पुन्हा दिसला. मी घाबरून अण्णांना फोन केला.

"भिंतीला कमी बसलं आसंल," अण्णा म्हणाले. "येवढं बादलीभर औषध केलं, ते गेलं कुठं मंग?"

गेलं कुठं ते मला नि ऑफिसातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, कारण माझे कान कितीतरी दिवस निळे होते. भिंतीचं मी काही सांगू शकत नाही, पण माझ्यावर मात्र अजून कुठेही बुरशी आलेली नाही!